अ‍ॅप नंतर घ्या, आधी नोंद कधी करता ते सांगा

नमस्कार मंडळी. फोंडा, डिचोली, पेडणे, गोव्यात सगळीकडून एकच विचारणा: "दादा, धंदा डिजिटल करायचाय, कुठलं अ‍ॅप घेऊ?" क्यूआर कोड लावलाय, जीएसटीचं बिल संगणकावर निघतं, तो भाग सोडूया.

मला सांगा, काय विकलं, काय वाया गेलं, याची नोंद कधी करता?

माझ्या मावशीची फोंड्यात खानावळ आहे. सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण माहिती भरायचे रात्री शटर ओढल्यावर, आठवून. विकलेली थाळी बिलात येतेच. टाकलेला बांगडा कोणाला आठवणार? मग ओल्या कचऱ्याच्या बादलीशेजारी वजनकाटा ठेवला. टाकण्याआधी वजन, तिथल्या तिथे मोबाइलवर नोंद. महिन्याभरात कळलं, सोमवारी आणि गुरुवारी मासळी उरते.

एकाने कमेंटमध्ये लिहिलंय, "सोमवार-गुरुवार बरेच जण मासे खात नाहीत, हे तर गोव्यात शेंबडं पोरही सांगेल." अहो, सांगेल! पण किती किलो, ते कोण सांगणार? किलो दिसले तेव्हा मावशीनं त्या दिवसांची खरेदी कमी केली. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, मासळी महागते, तेव्हा तर ही बचत फारच जाणवते. शिवाय सडणारं अन्न कचऱ्याच्या ढिगात मिथेन सोडतं. तेही तेवढंच कमी. पैसा आणि पर्यावरण इथे एकाच काट्यावर आहेत, म्हणून मी इतका मागे लागतो.

सत्तरीतल्या काजू कारखान्यालाही हेच लागू. आख्खा गर किती, तुकडा किती, बॉयलरला किती सरपण लागलं, हे प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या खेपेला, लिहा. आठवड्याची बेरीज एकदम लिहिलीत तर कुठला घाणा बिघडला, ते कधीच सापडणार नाही.

विजेचंही तेच. महिन्याचं बिल फक्त एकूण सांगतं. दुकान बंद असताना मीटर किती फिरला? गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि त्यात कोळशावरची भरपूर असते. फ्रीजरचं रबर सैल असेल तर तुमचे पैसेही जातात आणि कोळसाही.

"कामगार लिहीत नाहीत," ही तक्रार खूप येते. लिहायला लावू नका. काट्याचा फोटो ग्रुपवर टाकू दे, वेळ आपोआप पडते. पण मालकानं तो आकडा बघून दुसऱ्या दिवशीची खरेदी बदललीच नाही, तर कामगारानं फोटो तरी का काढावा?

आज बंद करताना मीटरचा फोटो घ्या, उद्या उघडताना दुसरा. फरक कमेंटमध्ये टाका, पुढचा व्हिडिओ त्या आकड्यांवर करू.