प्रशिक्षण आवडलं. पण काम बदललं का?

नमस्कार. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं जे प्रशिक्षण घेतलंत, त्यातली कोणती एक गोष्ट आज तुमच्या रोजच्या कामात आहे?

(कॅमेऱ्याकडे बघत तीन सेकंद शांत.)

आत्ता मी गप्प बसले ते जेमतेम तीन सेकंद. लांब वाटलं ना? मला इथे बसून ते फारच लांब वाटलं. आजचा विषय मला या तीन सेकंदांपासूनच उलगडायचा आहे.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी प्राथमिक वर्गांतले विज्ञानाचे तास टेप केले, एकदोन नव्हे, तीनशेहून जास्त, आणि ते बारकाईने ऐकले. १९७४ साली त्यांनी जे मांडलं ते असं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात. तेवढ्यात मूल बोललं नाही, की प्रश्न पुन्हा विचारला जातो, दुसऱ्या मुलाकडे जातो किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मूल बोललं, तरी तशीच घाई. त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच शिक्षक पुढे गेलेले असतात.

हाच अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला, तेव्हा मुलांची उत्तरं कितीतरी लांब झाली. गप्प राहणारी मुलं कमी झाली. आपणहून बोलणारी वाढली. मुलं एकमेकांच्या बोलण्याचा धागा पकडून बोलू लागली. शिक्षकांचे प्रश्न संख्येने कमी झाले, पण जास्त विचार करायला लावणारे झाले.

यातला दुसरा थांबा, म्हणजे उत्तर आल्यानंतरचा, मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, शिक्षिका विचारतात, "ओल्या फडक्यातलं पाणी कुठे गेलं?" मूल म्हणतं, "उडून गेलं." शिक्षिका लगेच म्हणतात, "शाब्बास! यालाच बाष्पीभवन म्हणतात." संवाद संपला. आता याच जागी शिक्षिका तीन सेकंद नुसत्या बघत राहिल्या असत्या तर? मूल कदाचित म्हणालं असतं, "पण उडताना दिसलं का नाही?" विज्ञान खरं तर तिथे सुरू होतं. आणि "शाब्बास" त्याच्या आधीच येऊन पडलेलं असतं.

पण आज मला शांततेची महती सांगायची नाहीये. मला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हे शिक्षक कामचुकार नव्हते. आपण एकच सेकंद थांबतो याची त्यांना कल्पनाच नव्हती, आणि कुणी विचारलं असतं तर "मी मुलांना भरपूर वेळ देतो" असंच त्यांनी मनापासून सांगितलं असतं. ते खोटंही नसतं. आतून तसंच वाटतं. टेप ऐकली तेव्हा कळलं.

आता शाळेतून बाहेर पडू आणि समाजकार्याकडे जाऊ. तिथेही अगदी हेच सापडलं आहे.

संवादाची एक पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. व्यसन, आरोग्य, कुटुंब, सुटका झालेल्या कैद्यांचं पुनर्वसन अशा बऱ्याच क्षेत्रांत कार्यकर्त्यांना ती शिकवतात. गाभा सोपा आहे. समोरच्या माणसाला उपदेश करायचा नाही. बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यावीत, असं ऐकायचं आणि तसं विचारायचं. कुणी म्हणालं, "प्यायलो की घरात भांडणं होतात, पण सोडवत नाही," तर आपली जीभ लगेच वळवळते: "मग सोडा ना, मुलांकडे तरी बघा." या पद्धतीत तिथे म्हणायचं, "घरातली भांडणं तुम्हाला टोचतायत." आणि थांबायचं. पुन्हा तोच थांबा.

ही पद्धत मांडणाऱ्या विल्यम मिलर यांनी २००१ साली एका सहकाऱ्याबरोबर आपल्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली. याचं मला फार कौतुक वाटतं, कारण स्वतःच्या कार्यशाळेला असं तपासायला धाडस लागतं. प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांबरोबरच्या, कामातल्या २२ जणांचं प्रशिक्षण झालं. नंतर त्यांना विचारलं, कौशल्य वाढलं का? त्यांचं मत झालं, खूप वाढलं. मग प्रत्यक्ष संभाषणांच्या टेप ऐकल्या. फरक होता, पण बेताचा. नवीन वाक्यं आली होती, जुन्या सवयी मात्र गेल्या नव्हत्या. आणि समोर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात तर काहीच बदल नव्हता. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. २००४ साली त्यांच्या गटाने व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या १४० जणांवर मोठा प्रयोग केला. काहींना फक्त कार्यशाळा. काहींना कार्यशाळा आणि त्यांच्या कामाच्या टेपवर लेखी अभिप्राय. काहींना कार्यशाळेनंतर वैयक्तिक मार्गदर्शन. काहींना हे सगळं. आणि एका गटाला सुरुवातीला फक्त स्वतः वाचून शिकायला सांगितलं. मग वर्षभर टेप ऐकत राहिले. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य फक्त कार्यशाळा केलेल्यांपेक्षा वाढलं. आणि आणखी एक निष्कर्ष, जो प्रत्येक प्रशिक्षण विभागाच्या भिंतीवर लावावा असं मला वाटतं: कार्यकर्त्यांनी स्वतःला किती कुशल ठरवलं आणि टेपवर ते किती कुशल दिसले, यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता.

मग प्रशिक्षण संपल्यावर आपण भरून घेतो ते अभिप्रायाचे फॉर्म आठवा. "सत्र उपयुक्त वाटले का? एक ते पाच गुण द्या." त्यातून कळतं ते एवढंच की दिवस बरा गेला.

मी स्वतः प्रशिक्षणं घेते. बरीच वर्षं या फॉर्मवरच्या पाच गुणांवर मी खूश असायचे. एकदा एका सत्राचं रेकॉर्डिंग घरी शांतपणे ऐकलं. सहभागींना बोलतं कसं करावं, यावरचं सत्र होतं ते, आणि सलग अकरा मिनिटं फक्त माझाच आवाज होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

हे असं का होतं? प्रशिक्षण घेणारे निष्काळजी असतात म्हणून? नाही. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली एक साधा हिशेब मांडला होता. शिक्षक होणारा माणूस विद्यार्थी म्हणून शाळेत साधारण १३,००० तास बसलेला असतो. शिकवणं म्हणजे काय हे त्याच्या अंगात तिथेच मुरतं. बघून बघून काम शिकण्याची, कुणीही न शिकवता झालेली उमेदवारीच ती. तिच्यासमोर दोन दिवसांची कार्यशाळा किती टिकणार? वर्गात गोंगाट वाढला, वेळ कमी पडला, की येरे माझ्या मागल्या. हेच समाजकार्यातही. "सल्ला देणं म्हणजे मदत करणं" हे आपण लहानपणापासून बघत आलोय. अंगवळणी पडलेली गोष्ट भाषणाने जात नाही.

मग जाते कशाने? सध्या हाताशी असलेला चांगला पुरावा कोचिंगचा आहे. इथे शब्दामुळे घोटाळा नको. कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे. अनुभवी सहकारी तुमच्या वर्गात येऊन बसतो, बघतो, नंतर तुमच्याशी एखाद्याच मुद्द्यावर बोलतो, आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांची एकत्र छाननी केली. शिकवण्याच्या पद्धतीत स्पष्ट सुधारणा दिसली, जवळपास अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी (माणसामाणसांत सहसा किती फरक असतो, त्याचं हे माप). मुलांच्या शैक्षणिक निकालांत त्याहून कमी, त्याच मापाने ०.१८, पण दिसली. शिक्षणक्षेत्रात एवढंही सहज मिळत नाही. मात्र कार्यक्रम मोठा झाला, की परिणाम घटतो. एक जण दहा शिक्षकांबरोबर बसतो तेव्हा नातं असतं. शेकडोंसाठी यंत्रणा उभी केली, की भेटीची जागा भेटीचा अहवाल घेतो.

जपानमधल्या शिक्षकांनी यावर कधीच वाट काढलेली आहे. तिथे त्याला जुग्यो केनक्यू म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. शंभरहून जास्त वर्षांची परंपरा आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. मुलं कुठे अडखळतील, कोणती चुकीची उत्तरं देतील, हे आधी लिहून काढतात. एक जण शिकवतो. बाकीचे मागे बसून बघतात, पण शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. नंतरच्या चर्चेत "तुम्ही असं का केलंत" हा सूर नसतो. पाठ सगळ्यांचा असतो, म्हणून चूकही सगळ्यांची. निरीक्षण म्हटलं की आपल्याला धडकी भरते, कारण आपण ते तपासणी म्हणूनच अनुभवलेलं असतं. इथे ती भीतीच काढून टाकली आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मनाची तयारी करून ऐका.

१९३९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक मोठा समाजकार्य प्रकल्प सुरू झाला. रिचर्ड कॅबट या डॉक्टरांची ती कल्पना. मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून. एकूण ५०६ मुलगे. सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, नाणं उडवून एकाला मदतीच्या गटात घेतलं, दुसऱ्याला नाही. मदतीच्या गटातल्या मुलांना साधारण पाच वर्षं कार्यकर्ते भेटत राहिले, महिन्याला सरासरी दोनदा. अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, घरच्यांशी बोलणं. सगळं मायेने.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांना, आता प्रौढ झालेल्या माणसांना, शोधून काढलं. विचारलं, त्या कार्यक्रमाचा उपयोग झाला का? सुमारे दोन-तृतीयांश जण हो म्हणाले. काहींना कार्यकर्त्यांची नावं अजून आठवत होती. मग नोंदी तपासल्या. गुन्हे कमी झाले नव्हते. उलट दारूची लक्षणं, ताणाशी जोडलेले आजार, लवकर आलेलं मरण, अशा काही बाबतींत मदत मिळालेला गटच मागे होता. १९७८ साली हे छापून आलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या कार्यकर्त्यांची पाच वर्षं डोळ्यासमोर आली. पण समजा, मॅकॉर्ड यांनी फक्त "उपयोग झाला का?" एवढंच विचारलं असतं. किंवा तो दुसरा गटच नसता. तर हाच कार्यक्रम यशस्वी म्हणून सगळीकडे पसरला असता. वस्तीतले लोक आपले आभार मानतात, ते खरेच असतात, त्यांचा मान ठेवायचा. पण "तुम्ही आलात, बरं वाटलं" आणि "माझं आयुष्य बदललं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी वेगळं शोधावं लागतं.

यावरून कुणी "मदत करूच नका" असा अर्थ काढला, तर तो मला मान्य नाही. मला यातून दिसतं ते असं, की त्या वस्तीतल्या मुलांना आणि पालकांना "हे असं करू या का, यातलं काय नको?" हे आधी आणि मधेमधे विचारण्याची व्यवस्था हवी होती. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची कल्पना मांडली: करा, काय झालं ते मोजा, त्यावरून पुढचं पाऊल ठरवा. पुढे लोकसहभागाच्या संशोधनाने त्यात भर घातली, की काय मोजायचं हे ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांनीही ठरवावं. कार्यकर्ता मोजतो बैठका. वस्तीतली बाई सांगते, "रात्री पाण्याला जाताना भीती वाटायची, ती गेली का ते मोजा." हा निकष कुठल्याच छापील फॉर्ममध्ये सापडत नाही.

तर तुम्ही शिक्षक असा, समुपदेशक असा, वस्तीत काम करणारे असा, या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या कामातली दहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. आधी समोरच्यांना विचारून, कशासाठी ते सांगून, आणि नको म्हणाले तर नाही. मुलं असतील तर पालकांचीही परवानगी घ्या. मग एकट्याने ऐका. दोनच गोष्टी कागदावर रेघा मारून मोजा: प्रश्नानंतर तुम्ही किती थांबलात, आणि समोरचा बोलून झाल्यावर किती थांबलात. मग ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका सहकाऱ्याला तीच दहा मिनिटं ऐकवा आणि त्याला फक्त एकच सांगायला सांगा, "समोरचा माणूस कुठे बोलता बोलता राहिला?"

ऐकून झालं की रेकॉर्डिंग पुसून टाका. रेघांचा कागद ठेवा. महिनाभराने पुन्हा दहा मिनिटं रेकॉर्ड कराल, तेव्हा तो शेजारी लागेल.