बदलून राह्यलो

(दृश्य: डिसेंबरची सकाळ. वरूड तालुक्यातली संत्र्याची बाग, धुकं. सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा आवाज.)

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून आलेल्या फळांची तोड उरकली. व्यापाऱ्याची शेवटची गाडी गेली, बाग हलकी झाली. आता सल काढायची. झाडावर वाळून राहिलेल्या काडीला इकडे सल म्हणतात. ती तशीच ठेवली तर रोग तिच्यातून हिरव्या फांदीत उतरतो. म्हणून झाडाखाली वाकायचं, आत डोकं घालायचं आणि वाळलेलं तेवढं कापून काढायचं.

बागेचे मालक सत्तरीला आलेले. गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी त्यांचं एक. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

(दृश्य: झाडाचा बुंधा, अगदी जवळून.)

जमिनीपासून वीतभर वर सालीवर एक तिरपी गाठ दिसते. गाठीच्या खाली जंबेरी, म्हणजे एक आंबट लिंबू, वर संत्रा. शेंदूरजनाघाटच्या नर्सरीतून कलम आणली तेव्हा हा जोड पेन्सिलीएवढा होता. मुळं आंबट जंबेरीची, तिच्यावर डोळा, म्हणजे कळी, भरला गोड संत्र्याचा. पण जंबेरी मेलेली नसते. गाठीच्या खालून ती फुटत राहते. तिची फूट काटेरी आणि जोमदार, वरच्या फांदीपेक्षा हिरवीगार. नवख्याला वाटतं, झाड काय फोफावलंय! दोन पावसाळे लक्ष दिलं नाही तर खतपाणी सगळं तीच खाते आणि वरचा संत्रा खंगत जातो.

"ही फूट किती वर्षं काढायची, काकाजी?"

"झाड हाय तोवर."

ख्रिस्ती मंडळी ज्याला पवित्रीकरण म्हणते, म्हणजे माणूस आतून हळूहळू देवाजोगा होत जाणं, ते मला या गाठीपाशी उमगलं. तारण ही देणगी. विश्वास ठेवला त्या घडीला माणूस देवाचा होतो, त्यात त्याची स्वतःची कमाई काही नाही. पवित्रीकरण मात्र जन्मभर चालतं, आणि तेही कृपेनंच. फांदी वेलापासून तुटली तर तिला फळ येत नाही, हे येशूचे शब्द बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहेत. आणि ज्या फांदीला फळ येतं, तिलाच माळी छाटतो, हेही तिथंच आहे. हे दुसरं वाक्य आपण जरा घाईनं वाचतो.

(दृश्य: वर्धा नदीचं पात्र, संथ पाणी.)

काकाजींचा बाप्तिस्मा १९९६ साली याच पात्रात झाला. ते सांगतात, "मले वाटलं, पान्यातून निंगलो म्हंजे झालं. जुना मानूस गेला वाहून. घरी आलो त् जुना मानूस ओसरीवर बसेल होता."

त्या जुन्या माणसाचं दुखणं होतं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं. सख्ख्या भावानं धुऱ्यावरचा दगड दोन फूट आत सरकवला, असं काकाजींचं म्हणणं. बोलणं बंद झालं. नऊ वर्षं एका गल्लीत राहून तोंड पाहिलं नाही. आणि या नऊ वर्षांत एकही रविवार चुकला नाही. टिनाच्या छपराखाली हार्मोनियम, ढोलकी, टाळ, भजन, आणि मग सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना: जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तसं तू आमचं ऋण सोड.

"तोंडानं म्हनत होतो. पोटात दगड होता."

एका प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस वाटतात तेव्हा, प्याला जवळ आला आणि त्यांनी हात पुढं केला नाही. उठून थेट भावाच्या दारात गेले. वेदीपाशी दान ठेव, आधी भावाशी समेट कर, हे वचन त्यांना पाठ होतं. पण दारात उभं राहिल्यावर शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "फवारणीचा पंप देतं का?" पंप त्यांच्या स्वतःच्या घरी दोन होते. भावानं पंप आणून दिला, बोलला काहीच नाही. पुढं दीड वर्ष हेच चाललं. पंप न्यायचा, धुऊन परत करायचा. मग एके दिवशी भावजयीनं चहा टाकला.

काकाजींच्या घरी आम्ही काकूंनाही विचारलं. साक्ष द्यायला मंडळीपुढं उभा राहणारा माणूस घरात कसा आहे, ते घरच्यांनीच सांगावं. काकू म्हणाल्या, "पह्यले ताट फेकत. आता राग आला का उठून बागेत जातेत. भाकर थंडी होते. पन ताट फेकत नाई." तीस वर्षांच्या विश्वासाचा हा हिशोब मला फार मोलाचा वाटतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. एवढी विदुषी, एवढी शोधक बाई. तरी पुढं त्यांनी लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. हे त्यांना कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली, आणि ते जगापुढं कबूल करताना त्या कचरल्या नाहीत. बाप्तिस्म्याची तारीख लक्षात ठेवून तिथंच थांबलेल्या आपल्यासारख्यांनी ही आठ वर्षं वाचावीत.

(दृश्य: कोरडे दांड, मलूल झालेली पानं.)

सल काढून झाली की बागेला ताण देतात. पाणी तोडतात, महिना-दीड महिना. पानं मलूल होतात, गळतात. जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. बायबलातल्या रोमकरांच्या पत्रात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा उपजते असं म्हणतो, तेव्हा मला हा ताण आठवतो. पण हे दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवायचं वचन नव्हे. ज्या घरानं कर्जापायी कर्ता माणूस गमावला, त्या घरात जाऊन कुणी ताणाची भाषा करू नये. तिथं शेजारी बसावं, पाणी भरून द्यावं. काकाजी आणि त्यांचे पाळक तेच करतात, एवढं आम्ही पाहिलं.

(दृश्य: संध्याकाळ. काकाजी धुऱ्यावर.)

निघताना विचारलं, "काकाजी, तुम्ही बदललात ना?"

त्यांनी मान हलवली. "बदललो नाई. बदलून राह्यलो." वऱ्हाडीत म्हणजे, बदलणं अजून चालूच आहे.

दगड अजून तिथंच आहे, दोन फूट आत. पलीकडून भाऊ बैल घेऊन येत होता, त्यानं हात वर केला, काकाजींनीही केला. मोजणी करून घेणार का, असं आम्ही हळूच विचारलं. ते दगडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग सिकेटर खिशात घालत म्हणाले, "औंदा नाई."