जाताना साडेसात, येताना दहा

मंडळी, हा पृथ्वीगोल नातीचा आहे, खजुरी बाजारातनं आणलेला, त्यामुळे जरा डगमगतो, सांभाळून घ्या. मुलगी टोकियोला असते, मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं जाऊन आलो. इंदूरहून दिल्ली दीड तास, ते सोडून द्या. दिल्ली ते टोकियो नेटवर बघितलं तर सरळ अंतर साधारण ५,९०० किलोमीटर, वेळ सात तास. हे सात तास म्हणजे अंतर भागिले विमानाचा स्पीड, बस! आम्हाला जाताना साडेसात लागले आणि येताना दहा. अंतर तेच, मग अडीच तास गेले कुठे?

आता हा दोरा बघा, दिल्लीवर एक टोक, टोकियोवर दुसरं, आणि ताणला. कुठून गेला? हिमालय, तिबेट, मग चीनच्या मधोमध. सगळ्यात जवळचा रस्ता हाच, पण विमानं सहसा इथनं जात नाहीत, दक्षिणेकडून, म्यानमार आणि चीनमधल्या कुनमिंग शहराच्या बाजूनं वळसा घेतात. कारण असं की वर केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आपल्या डोक्यावर जे मास्क लोंबतात त्यांचा ऑक्सिजन बऱ्याच विमानांत १२-१५ मिनिटंच पुरतो, आणि तिबेटची जमीनच सरासरी १४,००० फुटांच्या वर! उतरणार कुठे?

पण वळसा तर जाता-येता दोन्हीकडे, त्यानं फरक पडत नाही. फरक पाडतो तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. सायकलवर उलट्या वाऱ्यात पॅडल मारलंय ना, तेच.

गंमत म्हणजे हा वारा एका जपानी माणसानंच मोजला होता, वासाबुरो ओइशी, तातेनोच्या वेधशाळेत, फुगे सोडून सोडून. १९२६ मध्ये रिपोर्ट काढला, पण कशात, तर एस्पेरांतोत, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, जगभर कळावं म्हणून! कुणी फारसं वाचलंच नाही. मग १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर गेली आणि या वाऱ्यात नेम धरता धरता हैराण झाली.

आता तिकीट. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. जाताना दिल्लीहून रात्री ८ ला निघालो, सकाळी ७ ला उतरलो, कागदावर ११ तास. येताना तिथनं सकाळी साडेअकराला निघालो, दिल्लीत संध्याकाळी ६, कागदावर साडेसहा! म्हणजे जो प्रवास खरा लांब तोच छोटा दिसतो. मेहुणे तेवढं बघून म्हणाले, अरे वा, परत लवकर आलात की! आता काय सांगणार.

आमच्या हिनं मात्र तिकडे महिनाभर मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही, इंदूरचा टाइम तसाच. तिथे सकाळी ७ ला नाश्ता, तर मुलगी ते घड्याळ बघून चिडायची, आई पहाटे साडेतीनला कुणी नाश्ता करतं का. येताना विमान सुटलं तेव्हा तिच्या घड्याळात ८ वाजले होते आणि दिल्लीला चाकं टेकली तेव्हा ६.