दोर बदलताना

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की रस्त्याकडेला जुने वड लागतात. पावसाळ्याआधी त्यांच्या वाळक्या, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या काढाव्या लागतात. एरवी कमरेला सोल बांधून, कोयता घेऊन माणसं अशा झाडांवर चढतात. आज या वडाखाली दोघं जण हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे, घालून उभे आहेत.

दोर अजून पिशवीतच आहे. आधी बुंध्याभोवती फेरी. मुळाशी अळंबी उगवलीय का? ठोकल्यावर खोड पोकळ वाजतंय का? मग माना वर. आग्या मोहोळ दिसलं, तर आजचं काम रद्द. त्यावर चर्चा नाही.

सगळ्यात आधी वर जाते एक बारीक दोरी. तिच्या टोकाला पाव किलोच्या आसपास वजनाची, छऱ्यांची पिशवी. नेम धरायचा तो जाड बेचक्यावर. वडावर ही फेक म्हणजे वैताग, कारण मधे पारंब्या. दोरी बेचक्यात बसली, की तिच्यामागून साधारण १२ मिलिमीटर जाडीचा दोर ओढून घ्यायचा आणि त्याला दोघांनी एकदम लोंबकळायचं. ही गंमत नव्हे. दोराचं एक टोक बुंध्याला बांधलेलं असलं, की वरच्या बेचक्यावर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो. माणूस ७० किलोचा, तर भार १४० किलोचा.

चढाई एकेरी दोरावर. पावलाला आणि गुडघ्याला लावलेल्या पकडी दोरावर वर सरकतात, खाली घसरत नाहीत. जिना चढावा तसा चढणारा वर जातो. बघायला हेच छान दिसतं, पण आपण कॅमेरा लावलाय तो पुढच्या दहा मिनिटांसाठी, वर पोचून दोर बदलताना.

सह्याद्रीत कडे चढणाऱ्या पोरांना हे सामान ओळखीचं वाटेल. पण कड्यावरचा दोर लवचिक असतो, पडणाऱ्याला झेलण्यासाठी. झाडावरचा दोर फारसा ताणत नाही, आणि त्याला झोल द्यायचा नसतो. इथे पडणं हिशेबातच धरलेलं नाही.

बेचक्यापाशी पोचल्यावर तो आधी कमरेचा आखूड पट्टा खोडाभोवती टाकतो.

"पट्टा?" खालून विचारणा.

"लागला, दादा!"

मग कामाचा दोर. हा दुहेरी असतो: बेचक्यापाशी अडकवलेल्या कडीतून जाऊन परत कमरेशी येतो आणि एका आवळगाठीवर थांबतो. या जातीची जुनी गाठ म्हणजे प्रुसिक. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली मांडली. भार आला की आवळते, भार गेला की सरकते. दुहेरी दोरावर एक फूट वर जायला दोन फूट दोर ओढावा लागतो, म्हणून लांब चढाईला तो कंटाळवाणा. पण फांदीवर पुढे-मागे व्हायला त्याच्यासारखा दोर नाही.

नव्या दोरावर वजन टाकून पाहिलं. धरला. आता कुठे जुना दोर सुटतो. तोही काढून नेत नाहीत: वरचा जखमी झाला, तर खालच्याला त्यावरूनच चढायचंय.

वड उंचीपेक्षा आडवा पसरतो, त्यामुळे इथलं बरंचसं काम फांदीवरून चालत जाण्याचं. दोर जितका उंचावरून येईल, तितका तोल सोपा. टोकाकडे दोर आडवा होत जातो आणि पाय निसटला तर माणूस सरळ खोडाकडे झोका खातो. म्हणून आरी चालवण्याआधी आखूड पट्टा पुन्हा फांदीभोवती. दोर आणि पट्टा, दोन्ही लागल्याशिवाय आरी म्यानातून निघत नाही.

संध्याकाळपर्यंत वडाचा चीक दोराला लागलेला असतो. चिकट दोरावर गाठ नीट सरकत नाही. दोर धुवायला जातो, आणि गाठीचा तुकडा झिजलेला दिसला तर बदलला जातो.