जिंकलात तर पुढच्याशी खेळा

मित्रहो, कॉलेज बास्केटबॉलमधला एखादा हंगाम निवडून बोला, असं मला सांगितलं, तेव्हा दुसरं काही मनात आलंच नाही. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाचा १९६२-६३चा हंगाम. लोयोला ही जेझुइट पाद्र्यांची संस्था. प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड. सुरुवातीचे पाच खेळाडू म्हणजे कर्णधार जेरी हार्कनेस, रॉन मिलर, लेस हंटर, व्हिक राऊस आणि जॉन ईगन. यांतला एकटा ईगन गोरा, बाकीचे चौघे कृष्णवर्णीय.

आज हे वाक्य ऐकून तुम्हाला काहीच वाटणार नाही. त्या काळी मात्र अमेरिकेतल्या प्रशिक्षकांमध्ये एक हिशोब बोलला जायचा: कृष्णवर्णीय खेळाडू घरच्या मैदानावर दोन, बाहेर तीन, आणि हरायला लागलात तर चार. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. आयर्लंडनी तो सरळ झुगारला. का? तर हे पाच जण त्यांचे सगळ्यांत चांगले खेळाडू होते आणि त्यांना जिंकायचं होतं. मला हे कारण फार मोलाचं वाटतं. खेळाकडे खेळ म्हणून प्रामाणिकपणे पाहिलं की असा निर्णय आपोआप होतो.

आणि खेळ तरी कसला! विरोधी संघानं बॉल आत टाकला की तिथूनच त्याला कोर्टभर घेरायचं (याला प्रेस म्हणतात), बॉल हिसकावायचा आणि पळत सुटायचं. सामन्यामागे नव्वदीच्या वर गुण. त्या वर्षी देशात एवढे कुणाचेच नव्हते. एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात त्यांनी टेनेसी टेकला १११-४२ असं हरवलं. ६९ गुणांचा फरक!

आता तिकडे दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात काय चाललं होतं ते बघा. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ उत्तम होता. १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये तो आपल्या विभागाचा विजेता ठरला, विजेता म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याचा हक्क मिळवला, आणि तिन्ही वेळा घरी बसला. कारण स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंशी गाठ पडली असती, आणि गोऱ्या संघांनी तसं खेळायचं नाही असा राज्यकर्त्यांचा अलिखित दंडक होता. वर्षभर घाम गाळायचा, जिंकायचं आणि मग आपल्या जागी दुसऱ्याला जाताना बघायचं. खेळलेल्या माणसाला हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९६३ मध्ये ते पुन्हा जिंकले. विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड म्हणाले, या वेळी जायचं. हा निर्णय कोणत्या हवेत घेतला तेही लक्षात घ्या. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी त्याच राज्यात, ऑक्सफर्डच्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला म्हणून दंगल पेटली होती, दोन माणसं मेली होती. सामन्याला दोन दिवस उरले असताना विरोधकांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. मग प्रशिक्षक बेब मॅकार्थी रातोरात गाडीनं राज्याबाहेर, मेम्फिसला निघून गेले, म्हणजे हुकूम बजावायला ते हातीच लागू नयेत. सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं, कुणी अडवतंय का ते बघायला. कुणी अडवलं नाही, तेव्हा मुख्य खेळाडू निघाले. विशीतली मुलं, बास्केटबॉल खेळायला, स्वतःच्याच राज्यातून लपून निघाली!

१५ मार्च १९६३, मिशिगनमधलं ईस्ट लान्सिंग. सामन्याआधी दोन्ही कर्णधार मध्यभागी आले. मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड आणि हार्कनेस. हात मिळवला, आणि चहूबाजूंनी कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले. इतके, की हार्कनेस चकित झाला. आपण साधा सामना खेळायला आलेलो नाही, हे त्याला तेव्हा उमगलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

स्पर्श म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आपल्या बाळू पालवणकरांनी, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या या क्रिकेटपटूनं, पुण्यात हिंदूंच्या संघासाठी गोलंदाजी करावी, आणि चहाच्या वेळी त्यांना मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यावा, असे दिवस आपण पाहिलेत. म्हणून तो फोटो बघताना माझी नजर चेहऱ्यांआधी हातांकडे जाते.

सामन्यात मिसिसिपी स्टेटनं आधी ७-० अशी आघाडी घेतली. मग लोयोला सावरली आणि ६१-५१ अशी जिंकली. हार्कनेसचे २० गुण, राऊसचे १९ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेले बॉल त्यानं १९ वेळा पकडले. २०११ मध्ये गोल्ड वारला, तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. शवपेटीजवळ तोच फोटो ठेवलेला होता.

बहुतेक लोक ही गोष्ट इथे थांबवतात. ते मला पटत नाही, कारण हंगाम अजून संपलेला नव्हता. त्या मुलांना विजेतेपद हवं होतं. आठ दिवसांनी लुइव्हिलमध्ये अंतिम सामना, समोर लागोपाठ दोन वर्षं विजेता ठरलेला सिनसिनाटी. पूर्वार्धात हार्कनेसची एकही बास्केट नाही. उत्तरार्धात लोयोला ४५-३० अशी मागे. तेव्हा कॉलेजच्या खेळात ना शॉट क्लॉक होतं, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल मारायची सक्ती, ना लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट. म्हणजे आघाडीवरच्या संघानं बॉल हातात धरून वेळ काढावा, आणि मागच्यानं एकेक पायरी चढत यावं. सिनसिनाटीनं तेच केलं, आणि तिथेच त्यांची लय गेली. लोयोलाच्या प्रेसपुढे त्यांनी १६ वेळा बॉल गमावला. लोयोलानं फक्त तीनदा.

शेवटी सिनसिनाटीकडे ५४-५२ अशी आघाडी, आणि त्यांचा शिंगलटन दुसरा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम, चुकला. हंटरनं रिबाउंड घेतला, बॉल हार्कनेसकडे गेला, आणि चार सेकंद उरली असताना बरोबरी! जादा वेळेत ५८-५८. ईगन संघात सगळ्यांत बुटका, पण जंप बॉल, म्हणजे दोघांमध्ये वर उडवलेला बॉल, त्यानं जिंकला. लोयोलानं शेवटच्या प्रयत्नासाठी बॉल राखून ठेवला. हार्कनेसनं स्वतः न मारता हंटरकडे दिला. हंटरचा नेम चुकला. राऊस तिथेच उभा होता. त्यानं उसळलेला बॉल झेलून परत आत टाकला. ६०-५८.

त्या सामन्यात लोयोलानं ८४ वेळा बास्केटकडे बॉल मारला आणि ६१ वेळा नेम चुकला. तरी चुकलेल्या प्रत्येक बॉलमागे कुणीतरी धावत होतं. मैदानात उतरले ते पाच जण, ४५ मिनिटं, एकही बदली न घेता.