यादीतला अकरावा माणूस

सोसायटीची सहल ठरली की व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरते. ‘कॉपी करा, खाली आपलं नाव लिहा, परत टाका.’ समजा दहा नावं झालीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू यादी उचलतात, अकरावं नाव घालतात. त्याच मिनिटाला चौथ्या मजल्यावरचे काका तीच दहाची यादी उचलतात, अकरावं नाव स्वतःचं घालतात. बारावा माणूस सगळ्यात खालचा मेसेज, म्हणजे काकांचा, कॉपी करतो. झालं, काकूंची सीट गेली. त्यांचं नाव पुसलं कुणी? कुणीच नाही. काकांनी फक्त जुनी यादी नवी म्हणून परत टाकली.

आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात याला ‘लॉस्ट अपडेट’, म्हणजे हरवलेला बदल, म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निदान दोन्ही मेसेज दिसतात, फॉर्ममध्ये काहीच दिसत नाही. एका संस्थेसाठी सभासद-नोंदीचा फॉर्म मी केला होता, तेव्हा हा किस्सा माझ्याच चुकीचा. अकरा वाजता एका ताईंनी एका सभासदाची नोंद उघडली. अकरा-दोनला शेजारच्या टेबलावर तीच नोंद उघडली गेली, फोन नंबर बदलला, सेव्ह झाला. अकरा-पाचला पहिल्या ताईंनी पत्ता बदलून सेव्ह केलं. फोनला त्यांनी हातही लावला नव्हता. पण माझा फॉर्म सगळे रकाने पाठवायचा, त्यात जुना नंबरही गेला. वर हिरवी टिक! नंबर बदलायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनाच आम्ही कितीतरी दिवस ‘नीट बघून भरत जा’ म्हणत होतो.

बदललेला रकानाच पाठवायचा, हा पहिला इलाज. बरा आहे, पुरेसा नाही. एकानं गाव बदललं आणि दुसऱ्यानं पिनकोड, तर दोन्ही सेव्ह होतील आणि पत्ता भलताच तयार होईल. दुसरा इलाज कुलपाचा: एकानं नोंद उघडली की बाकीच्यांना बंद. मग उघडणारा चहाला जातो आणि अख्खं ऑफिस त्याची वाट बघतं.

मला पटलेला इलाज साधा आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या. फॉर्म उघडताना ७ होता, तर सेव्ह करताना डेटाबेसला सांगायचं, ‘अजून ७च असेल तरच लिही आणि ८ कर.’ मध्ये कुणी ८ केला असेल तर एकही ओळ बदलत नाही आणि आपल्याला कळतं. मात्र तपासणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत हवं. आधी वाचून बघितलं, मग लिहिलं, तर त्या मधल्या फटीतही कुणीतरी शिरतंच. कुंग आणि रॉबिन्सन या संगणकशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये कुलपाशिवाय असंच, शेवटी तपासून, काम करण्याची पद्धत मांडली. वेबवर ईटॅग (सर्व्हरनं दिलेली आवृत्तीची खूण) आणि इफ-मॅच (‘ही खूण अजून तीच असेल तरच लिही’ ही अट) हेच करतात. जुळलं नाही की सर्व्हर 412 म्हणतो, म्हणजे ‘अट पूर्ण झाली नाही’.

इथे बरेच प्रोग्रामर थांबतात. ‘नोंद बदलली आहे, पान रिफ्रेश करा’ असा लाल डबा दाखवतात, आणि बिचाऱ्यानं टाइप केलेल्या वीस ओळी जातात. डेटाबेस वाचला, माणसाचं काम गेलं! दोघांनी एकाच वेळी एकच पान बदललं, तर त्या संपादन-संघर्षात विकिपीडिया दोन्ही मजकूर समोर ठेवतो. तेवढं तरी करा.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांसाठी एकच धोक्याची जागा सांगतो. दोघांनी एकाच सेलमध्ये लिहिलं तर शेवटचं टिकतं. मग कुणीतरी घाबरून व्हर्जन हिस्ट्रीतून सकाळची अख्खी शीट परत आणतो, आणि दुपारपर्यंत बाकीच्यांनी भरलेलं सगळं शीटवरून गायब होतं. एका सेलसाठी अख्खी शीट कशाला? त्या सेलवर राइट-क्लिक करा, ‘शो एडिट हिस्ट्री’मध्ये आधी लिहिलेलं सापडतं.

आणि सहलीची यादी? गूगल फॉर्म करा. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या ओळीत पडतं, कुणाला कुणाची ओळ उचलावीच लागत नाही. काकूंना फॉर्म जमत नसेल तर त्यांनी ग्रुपवर नुसतं ‘मी येणार’ लिहावं, यादी एकाच माणसानं करावी.