गोळी कुठेतरी लागतेच

नमस्कार श्रोतेहो.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि तिथलं एनसीसीही सांभाळतो. त्यामुळे पोरांना घेऊन कामठीच्या बाजूला फायरिंगला जाणं होतं. आज बोलायचं आहे ते बंदुकीविषयी. बंदूक रोज बघायची, पण ती माणसाच्या अंगाचं काय करते हे ठाऊकच नसायचं, अशी आपली गत झाली आहे, त्याविषयी. आणि हे मी फक्त पोरांबद्दल म्हणत नाही.

८ फेब्रुवारी २०२४. मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. तो व्हिडिओ त्याच रात्री आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर येऊन पडला. वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, खाली पाणी उशिरा येणार असल्याची सूचना, आणि मधे एका माणसाचा जीव जाताना. एकाने विचारलं, "खरा आहे की एडिट केलेला?" दुसऱ्याने लिहिलं, "पूर्ण पाठवा." ही चांगली माणसं आहेत. कुणाच्या घरी मयत झाली तर रात्री दोन वाजता धावून जाणारी. पण पडद्यावर मरणारा माणूस त्यांना माणूस वाटेनासा झाला आहे.

फायरिंगच्या रेंजवर मला याची उलटी बाजू दिसते. पोरं येतात ती मोबाइलवरच्या गेममध्ये हजारो गोळ्या झाडून आलेली असतात. कुठल्या रायफलीत किती राउंड, म्हणजे काडतुसं, मावतात, सगळं तोंडपाठ. मग मुरमावर सतरंजी टाकून त्यांना पालथं झोपवतो. कोपरं खरचटतात, घाम डोळ्यात उतरतो. पॉइंट टूटू, म्हणजे .२२ इंची नळीच्या रायफलीचा धक्का तसा काहीच नाही, तरी पहिला राउंड सुटताना बहुतेक जण डोळे मिटतात. जळलेल्या दारूचा वास नाकात जातो. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, एवढा आवाज येते काय बाप्पा!"

शेवटी आमचे हवालदार साहेब रिकामे खोके, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची टरफलं, मोजतात. जितके राउंड दिले, तितके पितळी खोके परत यायलाच हवेत. एक जरी कमी भरला, तर अख्खी तुकडी उन्हात वाकून गवत चाळत बसते. पोरं वैतागतात. मला मात्र फायरिंगपेक्षा हाच तास मोलाचा वाटतो. सुटलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो, हे त्यांच्या कमरेला कळतं.

आता थोडं माझ्या विषयाचं. पॉइंट टूटूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटर. अमेरिकेत शाळांमध्ये झालेल्या अनेक हत्याकांडांत वापरल्या गेलेल्या एआर-१५ जातीच्या रायफलीची गोळी साडेतीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या पुढे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती दहापटीहून जास्त होते. अशी गोळी नुसतं भोक पाडत नाही, आजूबाजूचं मांस फाडत जाते. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या उवाल्डे गावात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या बालरोगतज्ज्ञाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की काही लेकरांची ओळख अंगावरच्या कपड्यांवरच्या कार्टूनवरूनच पटण्यासारखी होती. रेडिओवर हे सांगताना मला जड जातं आहे. पण हे न सांगता बंदुकीबद्दल बोलणं म्हणजे काहीच न बोलणं.

गेममुळे पोरं खुनी होतात, असं मी म्हणणार नाही. जपानची पोरंही गेम खेळतात, आणि तिथे गोळीने मरणारे अगदी बोटावर मोजण्याइतके. अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका असल्याचा अंदाज आहे, माणसांपेक्षा जास्त. २०२१ साली तिथे गोळीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. रागाचा किंवा निराशेचा एक क्षण सगळ्यांनाच येतो. तेव्हा हाताशी काय आहे, यावर पुढचं ठरतं.

पण पडद्याने केलेलं एक नुकसान मला सर्वांत भयंकर वाटतं. १४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० चिमुकली मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर ॲलेक्स जोन्स नावाचा कार्यक्रमवाला वर्षानुवर्षं सांगत राहिला, की हे सगळं नाटक आहे, आईबाप म्हणजे भाड्याचे नट आहेत. लाखोंनी ऐकलं, आणि त्यातल्या काहींनी त्या आईबापांना धमक्या दिल्या. ज्यांनी पोटचं लेकरू पुरलं, त्यांना ते मेलं हे जगाला पटवत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०२२ मध्ये कोर्टाने जोन्सला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा आदेश दिला. "एडिट केलेला आहे का?" हा आपल्या ग्रुपवरचा प्रश्न त्याच वाटेवरचा आहे. म्हणून मला त्याची भीती वाटते.

आपल्याकडे बंदुका तितक्या नाहीत, पण देशी कट्टा मिळतो. तो कमरेला खोचून रील टाकणारी पोरं नागपुरातही आहेत. त्यांना सांगतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. लग्नात, मिरवणुकीत बेपर्वा हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत सोडलेली गोळी हवेत राहत नाही. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांपाशी बसलेल्या आजीला ती लागू शकते.

आणि मोठ्यांना हात जोडून विनंती: असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका, ग्रुपवर तसं स्पष्ट लिहा. पोराच्या मोबाइलमधल्या फोटोत मित्राच्या हातात कट्टा दिसला, तर "खेळण्यातला असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसून विचारा, तो कुणाचा आहे, आत्ता कुठे आहे. खरा असल्याची शंका आली तर ११२ लावा, मग तो पोरगा आपल्या सख्ख्या नात्यातला का असेना.

नमस्कार.